लिंबाजीची तोंडी परीक्षा

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता, आणि त्याचा मुलगा त्याच्याहून भोळा होता. मुलाचं नाव लिंबाजी. तो बारावी कसा पास झाला हे गावाला आजवर उमगलेलं नाही. बोर्डालाही उमगलेलं नसावं.

शहरातल्या मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा बाप म्हणाला, "लिंबा, शहरात चाललास. जिवाची चैन कर, मी आडवा येत न्हाई. पर शहरातल्या शान्या पोरांना इचारून कर. आन् नापास झालास, तर ही गिरणी हाय आन् तू हायेस."

लिंबाजीला शहर फार आवडलं. कट्ट्यावरचा चहा आवडला, बन-मस्का आवडला, मॉलमधला फुकटचा गारवा तर फारच आवडला. आता भुवया पिठाने पांढऱ्या करायला परत जायचं नाही, हे त्याने पक्कं ठरवलं. म्हणून तो सगळं विचारून करू लागला. विचारायला खोलीत हर्षल होता. हर्षल पहिल्या वर्षाला दुसऱ्यांदा बसला होता, त्यामुळे होस्टेलात तो अनुभवी समजला जाई.

एकदा सरांनी वर्गात हजेरी घेतली. "हर्षल निगुडकर?"

लिंबाजी उभा राहिला. "तो झोपलाय, सर. मी हलवून बघितलं. शिवी दिली आणि कुशीवर वळला."

हर्षलने खोलीवर कपाळाला हात लावला. "अरे येड्या, असं सांगतात का? माणूस आपल्यात नसला की आपण त्याच्या वतीने 'येस सर' म्हणून मोकळं व्हायचं. शहरात यालाच मैत्री म्हणतात."

लिंबाजीने खूणगाठ बांधली.

पुढच्याच आठवड्यात कॉलेजात शोकसभा होती. प्राचार्य जड आवाजात म्हणाले, "आज घैसास सर आपल्यात नाहीत."

"येस सर!" लिंबाजी मागून ओरडला.

प्राचार्यांना वाटलं, कुणाला नीट कळलं नसावं. ते म्हणाले, "घैसास सर आपल्याला कायमचे सोडून गेले."

"येस सर! हजर!"

पहिल्या रांगेतल्या घैसासबाईंनी दचकून मागे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुःखापेक्षा धास्ती जास्त होती.

हर्षलने पुन्हा कपाळाला हात लावला. "अरे, घरची सगळी माणसं जमलेली, मधे हारफुलं! अशा ठिकाणी तोंड पाडून पुढे जायचं. हळू आवाजात म्हणायचं, 'फार वाईट झालं. आता धीर धरा. आपल्या हातात काही नसतं.'"

लिंबाजीने खूणगाठ बांधली.

मग होस्टेलच्या रेक्टरांच्या, म्हणजे दातार सरांच्या मुलीचं लग्न निघालं. अख्खं होस्टेल जिलबीच्या ओढीने हजर. लिंबाजीने पाहिलं, घरची सगळी माणसं जमलेली, मधे हारफुलं. तो तोंड पाडून स्टेजवर चढला आणि नवरदेवाचा हात हातात घेतला.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. "आता धीर धरा. आपल्या हातात काही नसतं."

नवरी रडायला लागली. दातार सरांनी त्याला दंडाला धरून खाली उतरवलं. बरीच वर्षं संसार केलेले एक गृहस्थ मात्र "पोरगा जाणता दिसतो" असं म्हणाले.

"अरे गाढवा," हर्षल म्हणाला, "चार माणसं गोळा झाली की काय सारखी मयतच असते? हसायचं! मोबाइल काढायचा, सेल्फी घ्यायचा आणि म्हणायचं, 'एक नंबर! असे क्षण वारंवार येवोत!'"

लिंबाजीने खूणगाठ बांधली.

दातार सर होस्टेलच्या जिन्यावरून घसरले आणि थेट खालच्या पायरीला आले. चार माणसं गोळा झाली. लिंबाजी हसत पुढे झाला, सरांच्या शेजारी मांडी घालून बसला आणि त्याने सेल्फी घेतला.

"एक नंबर, सर! असे क्षण वारंवार येवोत!"

त्या रात्री हर्षलने कपाळाला हात लावला नाही, कपाळ भिंतीवर आपटलं. "अरे, वय झालेला माणूस आडवा दिसला की उचलायचा! रिक्षात घालायचा, दवाखान्यात न्यायचा! 'मला काही झालं नाही' असं तो म्हणणारच. ऐकायचं नाही. जुनी माणसं संकोची असतात. आणि उद्या तुझी तोंडी परीक्षा आहे, तिथे तरी नीट वाग. ठोकून देऊ नकोस. मागच्या वर्षी मी ठोकून दिलं, म्हणून आज तुझ्यासारख्याबरोबर शिकतोय. पक्कं ठाऊक असेल तरच बोल. नाहीतर हात जोडून सांग, 'माहीत नाही, सर.' परीक्षकांना खरेपणा आवडतो."

लिंबाजीने दोन खूणगाठी बांधल्या. तोंडीत नापास म्हणजे वर्ष गेलं आणि गिरणी आली, हे त्यालाही कळत होतं.

परीक्षक बाहेरगावचे होते. पहाटेच्या एस.टी.ने आलेले, त्यात दुपारी प्राचार्यांच्या घरी पुरणपोळी झालेली. जेवणानंतर पहिला नंबर लिंबाजीचा. तो दार ढकलून आत गेला, तर परीक्षक बाकावर आडवे. तोंड उघडं, चष्मा पोटावर.

लिंबाजीने त्यांना पोत्यासारखं खांद्यावर टाकलं. गिरणीवाल्याचाच पोरगा तो.

"अरे! सोड! मला काही झालेलं नाही!"

"असं म्हणणारच तुम्ही, सर."

"मी परीक्षक आहे!"

"संकोच करू नका, सर."

रिक्षा गाठली, एक चकचकीत खाजगी हॉस्पिटल गाठलं. परीक्षक तिथेही ओरडले, "मला काही झालेलं नाही!" पण हॉस्पिटलवाले लिंबाजीहून पक्के. चांगला धडधाकट पेशंट पायाने परत जाऊ देणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. दोघांनी हात धरले, एकाने सुई टोचली, सलाइन सुरू झालं.

डॉक्टर लिंबाजीला म्हणाले, "हे स्वतःला परीक्षक म्हणवतायत. डोक्यावर परिणाम दिसतो. तुम्ही ओळखता यांना?"

परीक्षकांनी मान उचलली. आवाज रडवेला झाला होता. "बाळा, तुला पास करतो. पैकीच्या पैकी देतो. फक्त सांग यांना, मी कोण आहे?"

लिंबाजी दचकला. म्हणजे परीक्षा सुरू झाली तर!

त्याने डोळे मिटून खूप विचार केला. या सरांचं नाव त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गाव ठाऊक नव्हतं. ठोकून द्यायचा मोह झाला, पण तो आवरला. त्याने नम्रपणे हात जोडले.

"माहीत नाही, सर."

डॉक्टर नर्सला म्हणाले, "ॲडमिट करून घ्या. आणि हातपाय बांधा."

लिंबाजीने बाहेर येऊन बन-मस्का घेतला आणि घरी फोन लावला. "आप्पा, तोंडी झाली! एकच प्रश्न विचारला. मी असं खरं उत्तर दिलं, की परीक्षकांच्या डोळ्यांना धाराच लागल्या!"