नाताळातली वीणा

सिंदफणा नदीच्या वळणावर, बाभळींच्या विरळ सावलीत पिंपळधरा गाव वसलेलं. भाविकहो, तिथे निवांत महाराजांचा मठ होता, आणि मठात दरवर्षी नाताळच्या सुट्टीतच सप्ताह बसे. शाळामास्तर, कचेरीतले कारकून, सगळ्यांना रजा तेवढीच! सात दिवस अखंड नाम, सात दिवस एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाणारी वीणा. जुन्या घडणीची, एकाच तारेची. ती जमिनीला टेकली किंवा मुकी झाली, की सप्ताह मोडला.

त्या वर्षी मिशन शाळेतल्या सालोमीबाई साळवे सुट्टीला मठात आल्या. आदल्या वर्षी शाळेत तापाची साथ पसरली, तेव्हा महाराजांनी स्वतः पेज रांधून पोरांना पाजली होती. "पुढचा नाताळ तुमच्या पायाशी," असं बाई तेव्हा बोलून गेल्या. आता नगरला भावाच्या घरी करंज्या तळत असतील, भाचरं आत्याची वाट बघत असतील, या विचाराने भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबे. पण शब्द दिला तो दिला.

पंगतीत विणेकऱ्यांचे मुख्य त्र्यंबकबुवा मोठ्याने म्हणाले, "काय बाई, ऐन सणात देवाला घरी एकटं टाकून आलात होय?"

पंगत खदखदून हसली.

"तो कुठला घरी बसतोय, बुवा? माझ्या आधी येऊन बसला असेल इथं."

बुवांना ते झोंबलं. "मुकाट्यानं भाकऱ्या थापा. वीणेला हात लावायचा नाही. सप्ताहात खोट आली, तर त्याच दिवशी मठ सोडायचा!"

महाराज हसून म्हणाले, "बुवा, तुम्हीही एकदा ती पहिल्यांदाच गळ्यात घातली होतीत."

वीणेच्या पहाऱ्याला, म्हणजे प्रत्येक पाळीला, दोघांनी उभं राहावं, अशी मठाची रीत. बुवा मात्र एकटेच उभे राहत. "मला जोडीदार कशाला?" हा त्यांचा तोरा.

नाताळचा दिवस उजाडला. भर दुपारी आरोळी आली, "आग! बुवांची कडब्याची गंज पेटली!" सगळं गाव धावलं. महाराजही घागर घेऊन धावले. मांडवात उरले गळ्यात वीणा अडकलेले बुवा आणि पिठाच्या हातांच्या सालोमीबाई.

"गंजीशेजारीच माझी गुरं दावणीला आहेत हो!" बुवांचा आवाज फाटला. वीणा ठेवता येईना, उभं राहवेना.

बाईंनी पदराला हात पुसले. "द्या इकडे. मुकी जनावरं होरपळतील, बुवा. पळा!"

बुवांनी डोळे मिटून वीणा त्यांच्या गळ्यात घातली आणि ते पळाले.

ऊन कललं, तरी कुणी परतलं नाही. बाईंचा खांदा भरून आला, तरी त्यांनी तार छेडणं थांबवलं नाही. मनात नगरचं अंगण आलं, आणि ओठांवर ओवी आली:

गाईच्या गोठ्यामंदी बाळ जन्मलं देवाचं,
दूरच्या लेकीला गं अंगण झालं संतांचं.

तेवढ्यात खण्णकन तार तुटली!

 इतक्या जणांची एवढ्या दिवसांची पुण्याई आपल्या हातून मोडली! "देवा," त्या रडत म्हणाल्या, "मला घालवलं तरी चालेल. यांचा सप्ताह सांभाळ."

आणि काय सांगावं! नाद थांबलाच नाही. तुटकी तार खाली लोंबत होती, तरी भोपळा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घुमत होता. खांद्यावरचा भार हलका झाला, जणू कुणी खालून तळहात लावला होता. बाई गात राहिल्या.

गुरं वाचवून, काजळल्या तोंडाने बुवा परतले. मागे महाराज, मागे सगळं गाव. मांडवाच्या दारात बुवा थबकले. लोंबणारी तार त्यांनी पाहिली. नाद ऐकला. पुन्हा तार पाहिली.

"बाई... वाजवतंय कोण?"

"मला नाही ठाऊक, बुवा. मी फक्त धरून उभी आहे."

महाराजांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "आज त्याचा जन्मदिवस," ते म्हणाले, "आणि लेक घरी नाही म्हणून तो इथं आला. करा गजर!"

टाळ-मृदंगांनी मांडव दणाणला. आणि साऱ्या गावादेखत त्र्यंबकबुवांनी डोक्यावरचं पागोटं काढून सालोमीबाईंच्या पायांवर डोकं टेकलं.

"अहो, हे काय करता!" बाई संकोचून म्हणाल्या. "गळ्यात वीणा आहे, मला वाकून उठवताही येत नाही तुम्हाला!"

"उठवू नका, माई," बुवा म्हणाले. "राहू द्या थोडा वेळ."