शेजारचा विस्तव

अंतोबा महाराज त्या वर्षी चातुर्मासासाठी जांभूळपेठेत मुक्कामाला होते. गाव सुखवस्तू आणि देवभोळे. कीर्तनाला गर्दी होई, प्रसादाला त्याहून जास्त.

त्याच गावात धुरपदा नावाची म्हातारी देवळाच्या ओवरीत राहत असे. पुरात तिचे गाव वाहून गेले, घरची माणसे गेली. त्याला बारा वर्षे झाली होती. थंडीत अंग चोरून निजलेली ती म्हातारी महाराजांनी पाहिली, आणि त्या दिवशी त्यांना घास गिळवेना. ही गोष्ट गावात कळताच सारे कामाला लागले. आनंदराव देशमुखांनी आपल्या घराशेजारची जागा दिली. कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या, छप्पर शाकारले गेले. कोणी पीठ दिले, कोणी भांडी, कोणी सरपण.

देशमुख जागा देऊन गप्प बसते तर देशमुख कसले! ते म्हणाले, "महाराज, ओवरीला सोकावलेलं माणूस घरात टिकायचं नाही. आठ दिवसांत हिच्या चुलीचा धूर दिसला नाही, तर मी तिथं म्हशी बांधीन."

"बरं," एवढेच म्हणून महाराज शेजारगावी सप्त्याला गेले.

आठव्या दिवशी सकाळी ते परतले, तर धुरपदा पुन्हा ओवरीत! तिकडे झोपडीपाशी देशमुखांचा गडी खुंट्या ठोकत होता.

महाराज तिच्याजवळ बसले. "माय, घर आवडलं नाही का?"

"घर लई ग्वाड हाय, देवा. पर चूल पेटंना. इस्तवासाठी चार दारं फिरले. जिचं समदं घर बुडालं तिला इस्तव दिला, तर आपलीबी लक्ष्मी जाती म्हन्ले. कोरडं पीठ किती दिस खाऊ?"

त्या काळी काडेपेटी नव्हती. नवी चूल शेजारच्या विस्तवावर पेटायची, अशीच रीत. गावाने सगळे दिले होते, तेवढे मात्र कोणी दिले नव्हते.

महाराज तडक देशमुखांच्या दारी गेले. "आनंदराव, विस्तव द्या."

देशमुख हसले. "कशात नेता? हात तर रिकामे."

महाराजांनी उपरणे पसरले. देशमुखांनी थट्टेच्या भरात फावडेभर रसरशीत निखारे त्यात ओतले. आणि काय सांगावे! उपरण्याचा एक धागासुद्धा करपला नाही. महाराज निखारे घेऊन चालू लागले. मागे सारे गाव लोटले. धुरपदेच्या चुलीत त्यांनी विस्तव घातला, फुंकर मारली, आणि छपरातून धूर निघाला. गर्दीबरोबर आलेली धुरपदा लगेच भाकरी थापायला बसली.

लोक उपरण्याला हात लावून पाहू लागले. महाराज म्हणाले, "याचं काय नवल करता? शेजारी ढीगभर विस्तव असून ही चूल आठ दिवस थंड राहिली, नवल त्याचं करा. तुम्ही हिला भिंती दिल्यात, शेजार दिला नाहीत."

देशमुखांची मान खाली गेली. ते पायांवर वाकले, तसे महाराज बाजूला झाले. समोर पिठाने माखलेल्या हातांची धुरपदा होती. देशमुखांनी तिच्यापुढे डोके टेकले. "आई, चुकलो. रोज सकाळी विस्तव माझ्या घरून येईल, आणि दुखलंखुपलं तर मला हाक मार."

म्हातारी अवघडून मागे सरली. तिने तव्यावरची पहिली भाकरी देशमुखांपुढे धरली.

"बसा," ती म्हणाली. "बारा वर्सांत माझ्या दारी पाव्हणा आला न्हवता."