न घातलेला घाव

फार वर्षांपूर्वी रंगनाथ तांबटाकडे सुट्या पैशांत एक नाणं आलं. टाकसाळीत ठसा सरकल्यामुळे त्याच्यावरचं फूल अर्धंच उमटलं होतं आणि एक कड पुढे आली होती. वाणी ते घेईना, फुलवाली घेईना.

नाणं हातोड्याला म्हणालं, "दादा, ही कड ठोकून सरळ करा ना. लोक मला खोटं म्हणतात."

"मी बिघडलेलं नीट करतो," हातोडा म्हणाला. "तू जन्मलंस तसंच आहेस. मी घाव घालणार नाही."

नाणं रुसलं. वर्षभर त्याच्याशी बोललं नाही.

एकदा घागर घ्यायला एक म्हातारे नाणेपारखी आले. नाणं दिसताच त्यांनी ते भिंगाखाली धरलं.

"लोक मुद्दाम ठोकून नाणी वाकडी करतात आणि दुर्मीळ म्हणून विकतात," ते म्हणाले. "याच्यावर मात्र एकही घाव नाही. टाकसाळीची अस्सल चूक आहे ही. रंगनाथा, मला दे, जन्मभर जपेन."

मखमलीच्या डबीत शिरताना नाण्याने ऐरणीकडे पाहिलं. हातोडा तिथेच टेकून उभा होता.

"दादा," नाणं हळूच म्हणालं, "इथली सगळी भांडी तुम्ही घाव घालून घडवलीत. मला न घालता घडवलंत."