शेवटचं पान

“किती शिक्षक म्हणालास?” गुरुजींनी शेंगा सोलता सोलता विचारलं.

“चार हजार! माझ्या बहिणीच्या गोष्टी मोबाइलवर उतरवून घेतात, छापतात आणि वर्गात पोरांच्या हातात देतात. आहे तालुक्यात दुसरं कोणी असं?”

“नाही,” गुरुजी म्हणाले. “पण ओरडू नकोस, दिगू. मला अजून ऐकू येतं.”

वैजूताईला जाऊन महिना झाला होता. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. पोरांना वाचता यावं म्हणून तिने एकशे बारा गोष्टी लिहिल्या, चित्रं काढली आणि शिक्षकांसाठी वेबसाइटवर फुकट ठेवल्या. रोकडे गुरुजींनी तिला शिकवलेलं. वेबसाइटचा पासवर्ड आता एकट्या त्यांच्याकडे होता.

मी पाचवीत शाळा सोडली. जेसीबी चालवतो. पण ताईचं नाव निघालं की माझी मान आपोआप वर होते.

“प्रत्येक गोष्टीचं शेवटचं पान कोरं आहे,” मी म्हणालो. “तिच्याकडून राहून गेलं असणार. तिथे तिचा फोटो टाका. खाली ठळक नाव. पोरांना कळू दे, कोणी लिहिलंय ते.”

“टाकतो.”

मी भांडायच्या तयारीने आलो होतो.

“आधी एक गोष्ट वाचून दाखव,” गुरुजी म्हणाले.

“मी?”

“चार हजारांनी वाचल्या म्हणतोस. तू किती वाचल्यास?”

मी त्यांच्या बाजूला ठेवलेल्या छापील गोष्टींच्या गठ्ठ्याकडे बघितलं.

“डोंगर उकरतोस, आणि आठ पानांना घाबरतोस?”

मला राग आला. मी हात पुढे केला. त्यांनी गठ्ठ्यातली सगळ्यात खालची गोष्ट काढून दिली. ताईची पहिली. नाव होतं, ‘एक चप्पल’.

शब्दाखाली बोट ठेवलं. ताईने तसंच शिकवलं होतं, माझं बोट स्वतःच्या हातात धरून.

“भाऊ… ओढ्यात… उतरला. त्याची… एक चप्पल… वाहून गेली.”

गुरुजींचे हात थांबले.

“भाऊ रडू लागला. बहिणीने… आपली एक चप्पल… त्याला दिली. दोघं… घरी आले. आई… दारात… उभी होती.”

मी पान उलटलं. कोरं.

“पुढे?” गुरुजींनी विचारलं.

“पुढे काही नाही.”

“पुढे?”

“सांगितलं ना, नाही काही! बघा की!”

त्यांनी बघितलं नाही.

“पुढे काय झालं, दिगू?”

“आईने ताईला मारलं,” मी म्हणालो. “ताई म्हणाली, चप्पल माझ्या हातून गेली. मी शेजारीच उभा होतो. मी काही बोललो नाही.”

गुरुजींनी कानावरची पेन्सिल काढून माझ्यापुढे ठेवली.

मी लिहायला बसलो. वेलांट्या चुकल्या असतील. आईच्या हातात फुंकणी होती, ते लिहिलं. ताई रडली नाही, तेही. दुसऱ्या दिवशी ती अनवाणी शाळेत गेली आणि वाटेत मला म्हणाली, गप्प राहा रे, माती गार लागते. तिची दुसरी चप्पल मी लपवून ठेवली होती, अजून आहे, ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तेही लिहिलं. ओळी वाकड्या होत पार कडेपर्यंत गेल्या.

शेंगांची पाटी रिकामी झाली होती.

मी नाक पुसलं आणि पान त्यांच्यापुढे धरलं. “असली होती माझी ताई! आता टाका तिचा फोटो.”

गुरुजींनी चष्मा लावला. सगळं पान वाचलं, सावकाश, शब्दाखाली बोट ठेवून. मग ते माझ्या हातात परत दिलं.

“बघ बरं,” ते म्हणाले, “कुठे जागा उरलीय का.”