आईची बदली

डोंगराच्या कुशीत, ढगांच्या शेजारी वाघजाळी नावाचं एक गाव होतं. गाव इवलंसं, पण घरटी एक माणूस फौजेत. कुणाचा बाबा वाळवंटात, कुणाचा काका समुद्रावर. आणि आपल्या शेवंतीचा, म्हणजे शेऊचा, बाबा कुठे? तर पार वर, जिथे बर्फ निळा दिसतो आणि चहा कपात ओतेपर्यंत गार होतो तिथे.

शेऊ नऊ वर्षांची होती. तिचा धाकटा भाऊ दिगू सहा वर्षांचा. दिगूचे डोळे करवंदासारखे काळेभोर आणि चमचमते, पण त्याला चालता येत नसे, बोलता येत नसे. आनंद झाला की तो "हूं हूं हूं" असं गुणगुणे. त्याला बसवायचं, भरवायचं, कूस बदलायची, आणि कधी त्याच्या अंगाला झटके आले तर जवळ राहायचं. हे सगळं आई करी. आज करी, उद्या करी, परवाही आईच करी.

बाबा सुट्टीवर आला की दिगूला खांद्यावर घेई आणि म्हणे, "सुलू, तू झोप." मग आई अशी झोपे की तिला पोळ्यांचा वासही उठवू शकत नसे. पण एक दिवस फोन आला. बाबाची सुट्टी रद्द झाली.

आई फोनवर म्हणाली, "असू दे. इकडची काळजी करू नका." फोन ठेवला आणि ती भिंतीकडे बघत उभी राहिली.

दोन दिवसांनी सकाळी काय झालं, तर आई चुलीपुढे बसल्या बसल्याच पेंगली. हात तव्याला लागला, चर्र झालं. ती दचकून उठली आणि हसली. म्हणाली, "काही नाही गं, जरासं." पण शेऊनं तो फोड पाहिला. आई अशीच दिगूला भरवताना पेंगली तर? आई पडलीच तर?

बाजारात मी पाठीवर पोती वाहणारी माणसं पाहिली आहेत, बाळांनो. एवढं मोठं पोतं घेऊन ती मैलभर चालतात. पण ते पोतं खाली ठेवायचं असेल ना, तर एकट्याला ठेवता येत नाही. मागून कुणीतरी हात लावावा लागतो. हात लावणारा दिसला नाही, तर माणूस पोत्यासकट उभाच राहतो. शेऊची आई तशी उभी होती.

"शेऊ, दवाखान्यातून दिगूचं औषध आण," आई दुपारी म्हणाली. "सरळ जा, सरळ ये. रेंगाळू नकोस."

शेऊ औषध घेऊन परत निघाली आणि जवळची वाट म्हणून देवराईत शिरली. देवराई म्हणजे देवाचं रान. तिथली काडीही कुणी उचलत नाही, म्हणून झाडं आभाळाला भिडलेली. हिरवा उजेड, पोपटी उजेड, मधूनच सोन्याचे थेंब सांडावेत तसं ऊन. शेऊ पळतच होती, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "अगं, हळू! वारा लागतो मला!"

एका वाकड्या फांदीवर, शेऊच्या करंगळीएवढी, एक परी उभी होती. मोरपिशी झगा, केसांत दवाचे मणी, आणि अभ्रकासारखे झगमगते पंख ताणून पसरलेले. पंखांच्या सावलीत एक पिटुकलं घरटं होतं. घरट्यात तीन पिटुकली अंडी.

"वरची फांदी मोडली. ऊन थेट घरट्यावर येतंय," परी म्हणाली. "यांची आई मध आणायला गेलीय. मी पंख मिटले, तर अंडी भाजतील. सकाळपासून अशीच उभी आहे." तिनं पंख आणखी ताणले. "मी झुंबरी. तू जा बाळ, तुला घाई दिसते."

घाई होतीच! आईनं रेंगाळू नको म्हटलं होतं. शेऊनं एकदा वाटेकडे पाहिलं, एकदा त्या थरथरत्या पंखांकडे. तिला आईचा हात आठवला. तिनं ओढणी काढली आणि घरट्यावर धरली.

"तू जा. पाणी पी, जरा पड. मी धरते."

झुंबरी तिच्याकडे बघतच राहिली. मग भुर्रकन उडाली, झऱ्यात बुडी मारली आणि एका पानावर तिला अशी झोप लागली की पानही घोरू लागलं. इकडे शेऊचे हात दुखू लागले. मुंग्या आल्या. घरी दिगूची औषधाची वेळ जवळ येत होती. तरी ओढणी हलली नाही. शेवटी अंड्यांची आई, एक जांभळी, झळझळीत, चिमुकली पाखरीण, मध घेऊन आली, पंख पसरून घरट्यावर बसली, आणि झुंबरी ताजीतवानी होऊन परतली.

"आजवर लोकांनी माझ्याकडे मागितलं. मला 'जरा पड' कुणीच म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "माग, एक इच्छा माग. पण नीट ऐक. इच्छा एकदाच बोलायची, आणि बोललीस त्या शब्दांत ती खरी होणार. स्वतःसाठी मागायचं नाही. आणि माणूस आहे तसाच राहतो. त्याला दुसरं माणूस करता येत नाही."

"दिगूला दुसरं कशाला करायचं?" शेऊ म्हणाली. "तो छान आहे. मला आईसाठी हवंय."

काय मागावं? शेऊला बाबाची गोष्ट आठवली. बर्फात पहाऱ्यावर उभं असताना पाय दगड होतात. मग धुक्यातून एक गडी येतो आणि म्हणतो, "जा, आता मी उभा राहतो." त्या गड्याला बदली म्हणतात. बाबा सांगे, बदली आली ना, की जगात याहून गोड शब्द नाही असं वाटतं.

उशीर झालेला, धाप लागलेली. शेऊ घाईघाईनं म्हणून गेली, "माझ्या आईची बदली कर!"

झुंबरीनं भुवया उंचावल्या. "आईची? बदली?"

"हो, हो! लवकर!"

झुंबरीनं पंख झटकले. केशरी चांदण्यांचा सडा पडला. शेऊ घराकडे धावत सुटली.

घराचं दार उघडं होतं. चूल विझवलेली. दिगू उशांना टेकून बसलेला.

"आई?"

मोरीत नाही. परसात नाही. उंबऱ्यावर एक हिरवंगार पान पडलं होतं आणि त्यावर सोनेरी अक्षरं होती: *आईची बदली झाली आहे. नवी जागा: देवराई, फुलांची छावणी. परत येण्याची तारीख:* आणि पुढे काहीच नव्हतं. कोरं.

शेऊनं पान उलटंपालटं करून पाहिलं. फौजींच्या पोरांना 'बदली'चा दुसरा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही. बदली झाली की बाबा ट्रंक उचलतो आणि जातो! तिला म्हणायचं होतं, आईला बदली दे. आणि ती म्हणून बसली, आईची बदली कर.

"झुंबरी!" ती किंचाळली.

खिडकीत एक मोरपिशी ठिपका लुकलुकला. "मी विचारलं होतं तुला, राणी. शब्द बोलला गेला. आई फुलांत झोपलीय, गाढ. पण मला तो हुकूम मोडता येत नाही."

"तारीख का नाही लिहिली?"

"आईची जागा रिकामी ठेवून तारीख कशी पडेल? कुणीतरी दिगूची जबाबदारी घ्यावी लागेल. घराबाहेरचं माणूस, मनापासून, आणि सूर्य मावळायच्या आत. मी जादूनं आणलेलं माणूस चालणार नाही, ते घटकाभरात धुकं होऊन जातं."

"आणि सूर्य मावळेपर्यंत कुणी आलंच नाही तर?"

"मग तारीख कोरीच राहील," झुंबरी म्हणाली. तिच्या पंखांवरची चमक विझत गेली.

शेऊनं दिगूला औषध दिलं, त्याला उशांमध्ये नीट बसवलं आणि ती शेजारच्या दारात गेली. घरात कधी मदत मागायची पद्धतच नव्हती. आई म्हणे, फौजीचं घर आहे, आपलं आपण बघायचं.

"पुतळाकाकू, दिगूजवळ बसता का?"

पुतळाकाकू चांगल्या होत्या, पण त्यांचा चेहरा पडला. "मी? अगं, त्याला झटका आला म्हणजे? माझं तर काळीजच थांबेल. पण बरं का, काही लागलं तर सांग हां!"

"आत्ताच लागलंय, काकू."

काकूंनी पदराशी चाळा केला आणि खाली बघितलं. सूर्य डोंगरावर हातभर उरला होता.

समोर सुभेदार आबा राहत. फौजेतून कधीच निवृत्त झाले होते, पण मिशा अजून नोकरीत होत्या. पोरं त्यांच्या खाकरण्यालाही घाबरत.

"कोण ते? शेवंती? चेंडू आला असेल तर मिळणार नाही!"

"चेंडू नाही, आबा. दिगूजवळ बसाल का?"

"मी?" आबा खुर्चीतून अर्धे उठले. "मी तोफा ओढल्यात, पोरी. पोरं नाही."

शेऊच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं, पण ती हलली नाही. "आबा, पहाऱ्यावर बदली वेळेवर आली नाही, तर काय करायचं?"

"उभं राहायचं."

"किती वेळ?"

आबांनी मिशीवरून हात फिरवला. मग हळू आवाजात म्हणाले, "एकदा बर्फात रात्रभर उभा होतो. दोन बोटं गेली पायाची." त्यांनी शेऊकडे पाहिलं. "तुझी आई सुलभा किती दिवस उभी आहे गं?"

"सहा वर्षं."

आबांनी खुंटीवरची टोपी घेतली.

दिगूसमोर ते ताठ उभे राहिले. "हं. ड्यूटी समजावून सांग."

शेऊनं डोळे पुसले. "ताठ बसवायचं. हनुवटी थोडी खाली. अर्धाच चमचा. गिळलं की मगच दुसरा. झटका आला तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, आणि घड्याळ बघायचं."

"आणि चप्पल हुंगवायची!"

"नाही, आबा! काही हुंगवायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही. फार वेळ थांबला नाही तर दवाखान्यात न्यायचं."

"अरेच्चा," आबा म्हणाले. "चाळीस वर्षं चुकीचं माहीत होतं."

त्यांनी मऊ भात घेतला. हात केवढा, चमचा केवढासा! पहिला घास जरा मोठा गेला. दिगूला ठसका लागला. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं. शेऊनं त्याला पुढे वाकवलं, पाठ धरली. हळूहळू ठसका थांबला. उंबऱ्यावरच्या पानावर तारखेची जी पुसटशी अक्षरं उमटू लागली होती, ती विरून गेली.

आबांनी वाटी खाली ठेवली. "माझ्यानं नाही होणार, पोरी. मी जातो. कुणी दुसरं बघ."

बाहेर सूर्य डोंगराला टेकला. शेऊला त्यांचा हात धरून ओरडावंसं वाटलं. पण तिनं तो थरथरता हात पाहिला.

"बाबाचा हातही पहिल्यांदा असाच कापला होता," ती म्हणाली. "बाबा म्हणाला, दिगू शिकवतो, आपण शिकायचं."

आबा दारात थांबले. दिगूनं मान वळवून त्यांच्या मिशांकडे पाहिलं. आणि म्हणाला, "हूं?"

आबा परत आले, बसले. चिमूटभर भात चमच्यात घेतला. भरवला. गिळण्याची वाट बघत पुटपुटले, "एक-दो-एक. एक-दो-एक." घास खाली उतरला. पुन्हा भात, पुन्हा "एक-दो-एक." दिगूला ती कवायत इतकी आवडली की तो हसला, भाताचं एक शीत थेट सुभेदारांच्या मिशीवर उडालं आणि तो आनंदानं गाऊ लागला, "हूं हूं हूं!"

"बेशिस्त!" आबा म्हणाले. पण शीत त्यांनी तसंच राहू दिलं.

दारात पुतळाकाकू येऊन उभ्या राहिल्या होत्या. "मी नुसतं बघते हां," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं त्या आत सरकल्या. मग बसल्या. मग त्यांनी हळूच दिगूचा तळवा हातात घेतला.

पान झळझळलं. सोनेरी अक्षरं उमटली: *आजच. आत्ता.*

"दिगू!" आई धावत आली. केसांत जांभळी, गुलाबी, पिवळी फुलं अडकलेली, गालावर पाकळीचा ठसा. "दिगू कुठाय? मी झोपले कशी? मला कळलंच नाही गं..."

"थांबा, सूनबाई," सुभेदार आबा चमचा वर करून म्हणाले. "चार घास राहिलेत. माझी ड्यूटी संपलेली नाही."

आई उभी राहिली. काय करावं तिला कळेना. रिकाम्या हातांनी उभं राहायची सवयच गेली होती. मग ती शेऊजवळ खाली बसली.

"दर रविवारी मी येणार," आबांनी जाहीर केलं. "बुधवारी ही पुतळा."

"मी कुठे म्हटलं?" काकू म्हणाल्या. "बरं, बुधवारी. पण पहिले दोन बुधवार शेवंती शेजारी हवी."

आई म्हणू लागली, "कशाला उगाच तुम्हाला त्रास..." पण शेऊनं तिचा फोड आलेला हात धरला, आणि आईनं ते वाक्य अर्ध्यावरच सोडलं. तिनं फक्त मान हलवली.

खिडकीत झुंबरी बसली होती. तिचे पंख आता डाळिंबी, सोनेरी, निळे असे भरभरून चमकत होते. "शेऊ," ती फक्त शेऊला ऐकू येईल असं म्हणाली, "स्वतःसाठी तू मागितलं नाहीस. पण मी न मागता देऊ शकते." तिनं एक गिरकी घेतली. ती दिव्याएवढी झाली, मग चांदणीएवढी, मग सगळी खोलीच उजेडानं भरून गेली. आणि उजेड ओसरला तेव्हा खिडकीत फक्त वारा होता.

शेऊनं इकडे तिकडे पाहिलं. ना सोनं, ना झगा, ना खेळणं. काय दिलं परीनं?

तेवढ्यात आईनं तिला मांडीवर ओढलं. आईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकट झाली होती. किती दिवसांनी ते डोळे पूर्ण उघडे होते, आणि नुसत्या शेऊकडे बघत होते.

"आज काय काय झालं गं?" आईनं विचारलं. "सगळं सांग. मला अजिबात घाई नाही."

शेऊनं सांगायला सुरुवात केली. प्रत्येक वाक्यापाशी आई विचारी, "मग?" आणि जोवर आई 'मग' म्हणत होती, तोवर शेऊची गोष्ट काही संपली नाही. आपली मात्र इथे संपली.