मिरीची खंडेनवमी

काचेच्या टाक्यांत नद्या कोंडायला माणूस नुकताच शिकला होता, तेव्हाची ही गोष्ट. एका प्रयोगशाळेत मिरी नावाची पट्टेरी मासोळी होती. वाढत्या मुलांची हाडं वाकडी का होतात हे कळावं, म्हणून माणसांनी ती अंड्यात असतानाच तिच्या जनुकांत फेरफार केला होता. तिचा कणा विळ्यासारखा वाकला होता आणि पोहताना ठणकायचा.

खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी, झाडलोट करणाऱ्या शेवंताबाईंनी मायक्रोस्कोपला हळदकुंकू लावलं, पाण्याच्या पंपालाही झेंडूचं फूल वाहिलं.

मायक्रोस्कोप फुगला. "हाडांचं गुपित मी शोधलं, म्हणून हा मान!"

मिरीचं डोकंच फिरलं. "तू नुसता बघत बसलास! हाड कुणाचं वाकलं रे?"

इतक्यात शेवंताबाई टाकीपाशी आल्या. काचेवर कुंकवाचं बोट टेकवून, हात जोडून म्हणाल्या, "माझ्या नातीची पाठ सरळ होऊ दे गं बाई तुझ्यामुळे."

पंप घरघरला, "घे, झाली तुझीही पूजा! आता तूही आमच्यासारखंच हत्यार."

"हत्यार?" मिरी काचेवर धडकली. "पोरीची पाठ खुशाल सरळ होऊ दे. पण हत्याराला दुखत नाही, मला दुखतं! हात जोडता, मग दुखतंय का, एवढं तरी विचाराल की नाही?"

शेवंताबाईंना काचेआड नुसती तोंडाची उघडझाप दिसली.

"अगं बाई," त्या कौतुकानं हसल्या, "कशी खूश झालीय बघा!"