वाघाच्या कपाळावरचं वंगण

फार वर्षांपूर्वी, सोनखिंडीत डांबर काय, धड खडीसुद्धा पडली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. गुळाच्या ढेपा भरून बैलगाड्या खिंडीतून खाली बाजाराला जायच्या. खिंडीत वाघ होता. म्हणून इथल्या गाडीवानांनी एक अजब रीत पाडली होती. उजव्या चाकाला वंगण घालायचं आणि डावं कोरडं ठेवायचं. कोरडं चाक असं करकरायचं की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवावेत. त्या आवाजाला वाघ भितो, असं म्हणायचे. शहाणेच ते!

भिवराबाईचा नवरा म्हाळू असाच करकरत उतरला आणि गाडीसकट दरीत गेला. वाघानंच बैल बुजवले, असं सगळे म्हणाले. भिवराबाई मात्र दरीत उतरली. तिनं मोडलेली लाकडी आस उचलून पाहिली, तर डावं टोक जळून कोळसा झालेलं. वाघ काही आस जाळत नाही, कोरडं चाक घासून घासून जाळतं, हे तिला कळलं. पण बाईमाणसाचं ऐकतो कोण?

तेव्हापासून ती खिंडीच्या तोंडाशी बसायला लागली. एरंडेल तेलात जळक्या पेंढ्याची काजळी घोटून केलेलं वंगण बांबूच्या नळ्यात घेऊन. जुनं किटण पुसून देते, नवं माखते, जरा थांबा, असं येईल त्याला विनवायची. गाडीवान हसायचे आणि बैल पुढं दामटायचे.

असं करता करता तिचा एकुलता एक लेक येसबा गाडी हाकण्याजोगा झाला. पहिली खेप घेऊन तो खिंडीशी आला, आणि डावं चाक कोरडंच. भिवराबाई उठून गाडीला आडवी झाली. तिनं बैलाची वेसण धरली. येसबा सगळ्यांदेखत वैतागला. गाडी मुकी झाली तर वाघ मला सोडेल का, असं विचारायला लागला.

"लेकरा, चाकाला वंगण घालू दे," ती म्हणाली. "करकरायचं काम मी करते. मी पुढं चालते."

त्यानं नाइलाजानं मान हलवली. तिनं चाक उतरवलं, आस पुसली, वंगण माखलं. मग पदर खोचून ती गाडीपुढं निघाली, "आला गं माझा लेक, वाट सोडा" असं ओरडत. मागून गाडी बिनआवाजाची येत होती. निम्म्या खिंडीत बाईचा घसा फाटला. सगळीकडे सामसूम झाली, आणि वळणावर वाघ उभा.

ती पळाली नाही. पळणार कुठं, मागं लेक होता. ओरडायला आवाज उरला नव्हता, म्हणून तिनं वंगणानं काळा झालेला हात पुढं केला आणि थेट वाघाच्या कपाळावर ठेवला. वाघानं तिच्याकडे पाहिलं आणि तो रानात वळला. वाघाच्या कपाळावरचे काळे पट्टे म्हणजे भिवराबाईची बोटं, असं म्हणतात. खोटं वाटत असेल तर जाऊन वाघाला विचारा.

येसबा सुखरूप उतरला. भिवराबाईचा आवाज मात्र गेला तो गेलाच. पुढं ती पुष्कळ जगली, येईल त्या गाडीची चाकं माखत राहिली, आता कुणी नाही म्हणत नव्हतं. पण लेकाला नावानं हाक मारणं काही तिच्या नशिबी आलं नाही.

आता खिंडीतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जातात. हंगाम सुरू होताना ड्रायव्हर तिथंच थांबून चाकं खोलतात, बेअरिंग डिझेलनं धुतात, नवं ग्रीस भरतात. वाघ तर कधीच संपला. तरी पोरगा पहिली खेप घेऊन निघाला की त्याची आई ट्रॉलीपुढं चालते आणि "आला गं माझा लेक, वाट सोडा" म्हणून ओरडते. आई नसेल त्याच्यासाठी गावातली कुठलीही बाई पुढं होते. घसा बसेपर्यंत ओरडायचं असतं. भिवराबाईची राहिलेली हाक आहे ती, असं इथं म्हणतात.